पाचनंतरची टोपली

गुणवंती मुकादम झाली तेव्हा बंदरावरच्या बायकांनी तिला पुरतं पिडलं. "आता तुझ्याशी बोलायचं तर अर्ज करावा लागंल गो!" गुणवंती शिव्या घालून मोकळी झाली आणि मनातून फुलली. उभा जन्म तिने कोळंबी सोलली होती. बोटांच्या भेगा कधी बुजल्या नाहीत आणि तोंड असं, की बर्फवालाही वचकून असे. तिच्या शेडमध्ये अर्धी टोपली टाकून कोणी उठत नसे. दर्याने दिलेलं अर्धवट टाकलं तर दर्या हात आखडता घेतो, असं तिची आजी सांगायची. गुणवंतीच्या लेखी ते शेठच्या हुकमाहून मोठं होतं.

त्याच सुमारास, म्हणजे ऐंशी सालानंतर, रत्नागिरीतल्या एका शाळेने अकरावी-बारावीला मासळीप्रक्रियेचा कोर्स काढला. मुली दुपारी शेडमध्ये काम शिकायला येऊ लागल्या. पहिल्याच वर्षी काही जणी जादा मजुरीपायी थांबत गेल्या आणि वर्गात पेंगू लागल्या. मग कोर्सच्या विमलाबाईंनी नियम घातला: पाच वाजले की हात धुवायचे, जी थांबेल तिचं नाव कमी. शेठनेही गुणवंतीला बजावलं, नियम मोडलास तर मुकादमी गेली म्हणून समज.

काशी ही देवरूखकडच्या शेतकऱ्याची पोर, इथे मामाकडे राहून शिकणारी. पहिल्या दिवशी वासाने तिला उमासे आले होते. पण दिवाळीपर्यंत तिचा हात असा बसला, की जुन्या बायका कौतुकाने बघत राहायच्या. गुणवंतीला पोटची मुलगी नव्हती. तिचा या पोरीवर जीव जडला.

एके दिवशी होड्या उशिरा लागल्या. पाच वाजले तेव्हा काशीची टोपली निम्मीच झाली होती. बाकीच्या मुलींनी हात धुतले, तशी काशीही उठली.

"अगो, अशी अर्धी टाकून कुठं चाललीस?" गुणवंती म्हणाली. "आपल्यात असं उठत नाय."

आपल्यात म्हटल्यावर काशीचा चेहरा खुलला. ती परत बसली. गुणवंतीला तर नियमाची आठवणही झाली नाही. तिने पोरीला आपली मानली होती, एवढंच.

टोपली संपत आली आणि दारात विमलाबाई उभ्या राहिल्या.

"काशी, तू अजून इथे?"

काशीने तोंड उघडायच्या आत गुणवंती बोलून गेली, "मी सांगितलं बाई, जा म्हणून. तीच ऐकत नाय."

काशीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो बाई. मीच थांबले."

तिचं नाव कमी झालं. गुणवंतीची मुकादमी वाचली आणि त्या रात्री ती अर्धी भाकरी टाकून उठली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. "मग शाळेत जा नि हेच बोल," तो म्हणाला. पण आज मासळी फार आली, उद्या शेठ यायचा आहे, असं करत तिने दिवस ढकलले. एरवी कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई शाळेच्या पायऱ्यांना भ्याली. स्वतःची तिला किळस आली.

शेवटी गेली. एका दमात सगळं सांगून टाकलं.

"नाव पुन्हा घातलं असतं हो मी," विमलाबाई म्हणाल्या. "पण काल तिचे वडील दाखला घेऊन गेले. कोर्स नाही, तर पुढे शिकवून काय करू, म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशी शेडमध्ये आली. अंगावर शाळेचा गणवेश नव्हता.

"मावशी, कामाला ठेवाल मला? बाबा म्हणाले, मामाकडे नुसती बसून काय करतेस."

"मी बाईंना खरं सांगितलं गो," गुणवंती कशीबशी म्हणाली. "काल जाऊन सांगितलं."

"तुम्ही सांगाल हे मला माहीत होतं," काशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाबा दाखला काढायला गेले, तेव्हा मी शाळेच्या फाटकात उभी होते. तुम्ही येताय का बघत होते."

गुणवंतीने तिच्यापुढे कोळंबी ओतली. त्या पोरीला द्यायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.