दादाला वारं आलं

आमच्याकडे 'वारं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वारं झाडाची पानं हलवतं. दुसरं माणसाच्या अंगात येतं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी, आणि तिथे ग्रामदेवाचं वारं माझ्या थोरल्या भावावर यायचं. ढोल वाजायला लागला की आधी दादाची बोटं थरथरायची, मग दात वाजायचे, मग सगळं अंग हिंदकळू लागायचं. सारा गाव हात जोडून पुढ्यात बसायचा. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाला मूल होत नाही, कुणाच्या मुंबईला गेलेल्या लेकाची खबर नाही. दादा घुमत घुमत उत्तरं द्यायचा. घटकाभराने शांत झाला की त्याला स्वतःला काही आठवत नसे. मग हळूच मला विचारायचा, "काय मास्तर, आज देव बरा बोलला ना?"

मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन महाडच्या शाळेत मास्तर झालो होतो, त्यामुळे देवबीव मानत नव्हतो. दादाला मात्र मानत होतो. आमचे वडील लवकर गेले. मला शिकवलं ते त्याने, मुंबईच्या गोदीत ओझी वाहून.

त्या गोदीच्या दिवसांतच त्याला कावीळ झाली होती. गावी आल्यावर वैदूने नाकात कसला तरी पाला पिळला, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि आम्ही समजलो, संपलं. काही वर्षांनी त्याचं पोट वाढायला लागलं. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र असं तट्ट फुगलं की त्याला स्वतःची पावलं दिसेनात. जलोदर म्हणतात त्याला, हे आता पोरंसोरंही सांगतील. वाडीतून त्याला डोलीत घालून पोलादपूरला उतरवलं आणि तिथून सर्व्हिस मोटारीने महाडला आणलं. वहिनी मुलं आणि गुरं सोडून येऊ शकत नव्हती, म्हणून सोबत आई आली.

दवाखान्यात मोजक्या खाटा होत्या. डॉक्टर माणूस चांगला, पण त्याचा पहिला प्रश्न असा की माझं डोकंच फिरलं.

"दारू किती प्यायचा?"

"ज्याच्या अंगात देव येतो तो दारूला शिवत नाही," मी ताडकन म्हणालो. "आमच्या वाडीत येऊन वाटेल त्याला विचारा."

"बरं, बरं. मग काविळीने बिघडलं असेल," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "कशाने का होईना, यकृत कडक झालंय. दगडासारखं."

आईला यकृत काय कळणार? आमच्याकडे त्याला काळीजच म्हणतात. मी तिला सांगितलं, दादाचं काळीज कडक झालंय. तशी ती डॉक्टरांवरच उखडली. "माज्या लेकाचं काळीज कडक? अरे, तो बैलाला कधी काठी मारीत नाय! काय बोलतो हा?"

दादा पोट धरून हसला. त्या दुखण्यात तो मोकळा हसलेला मी पाहिला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी पोटातलं पाणी काढलं. पोटाला घट्ट पट्टा आवळला, एक जाड पोकळ सुई आत सारली आणि नळीतून पिवळसर पाणी बादलीत पडायला लागलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बादली भरली, दुसरी लावली. पोट उतरल्यावर दादाने मान उचलून खाली पाहिलं आणि हाक मारली, "मास्तर, माझे पाय हायेत रे अजून!" संध्याकाळी तो ताटभर भात जेवला. आईने त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आता दादा वाचला, असं मला त्या संध्याकाळी अगदी मनापासून वाटलं.

डॉक्टरांनी मात्र मला व्हरांड्यात बोलावून घेतलं. "पाणी पुन्हा भरणार, ते काढता येईल. मला भीती आहे ती जंतूंची. असलं यकृत झालेल्या माणसाच्या अंगात झुंजायची ताकद उरत नाही, आणि पोटातलं पाणी म्हणजे जंतूंना आयतं घर. ताप चढला, थंडी भरली, तो बरळायला लागला, तर ताबडतोब कळवायचं."

मी ते सगळं आईला समजावून सांगितलं. तिने मान हलवली. हिवताप आमच्या डोंगरात घरोघर. थंडी म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

चार दिवस बरे गेले. एका दुपारी मी शाळेत असताना दवाखान्यासमोरून लग्नाची वरात चालली होती. वरातीपुढे ढोल होता. पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं, आणि ते सांगताना तिचा चेहरा इतका फुलला होता की मला आजही तो आठवला की गलबलून येतं.

ढोल जवळ आला आणि दादाची बोटं थरथरायला लागली. मग दात वाजायला लागले. मग सगळं अंग असं हिंदकळायला लागलं की खाट करकरली. आईने ते उभ्या आयुष्यात कितीदा तरी पाहिलं होतं. तिने पदर डोक्यावर घेतला, कनवटीची देवाच्या अंगाऱ्याची पुडी सोडली, दादाच्या कपाळाला अंगारा लावला आणि खाटेपुढे जमिनीवर हात जोडून बसली. "देवा, हितवर आलास रे माज्यासाठी," म्हणाली. "माजा लेक कवा घरी येल?"

दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घरी... घरी नेतो."

हे चाललं असताना कंपौंडर आत आला. तो पुण्याकडचा, महाडात नवा. त्याने विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "ह्याला वारं आलंय."

"वारं येतंय होय? मग सांगायचं नाही का, आजीबाई!" असं म्हणून त्याने खाटेजवळची खिडकी लावून घेतली, वर एक कांबळं टाकलं आणि तो आपल्या कामाला गेला.

शाळा सुटल्यावर मी गेलो तेव्हा आई गाठोडं बांधत होती. देव बोलला होता ना, घरी नेतो म्हणून! शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तिने ते सांगून टाकलं होतं. मी दादाच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. पोटाला नुसता हात टेकवला तर तो कळवळून ओरडला. "दादा," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही.

डॉक्टर दासगावला कुणाच्या तरी घरी गेले होते. ते दिवेलागणीला परतले, दादाला तपासलं, कंपौंडरला चार प्रश्न विचारले आणि मला घेऊन बाहेर आले.

"मास्तर, दुपारी त्याला थंडी भरली होती हो. देव नव्हता."

"तेव्हाच कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तर काय? क्विनीन दिलं असतं. पुन्हा पाणी काढलं असतं. आणि तुमच्यासारखाच हात चोळत बसलो असतो. पोटातलं पाणी एकदा नासलं की आमच्याकडे त्यावर काही नाही. ही माणसं जलोदराने जातील असं आपण धरून चालतो, आणि ती खाटेवर पडल्या पडल्या असल्या तापाने जातात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आईंना यातलं काही बोलू नका."

मी बोललो नाही. दादा झोपून राहिला. जागा असला तरी झोपेतच असल्यासारखा, चादर चिमटीत धरून ओढायचा, मुंबईच्या गोदीतल्या मुकादमाशी बोलायचा. आई त्याच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होती आणि मला धीर देत होती. मला! "रडतोस काय येड्यासारखा? देवानं शबूद दिलाय." मला ओरडावंसं वाटायचं. मी बाहेर जाऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायचो आणि पुन्हा आत यायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सावित्री नदीच्या काठावर त्याला अग्नी दिला. माझ्याएवढ्या मास्तराने विद्यार्थ्यांच्या बापांसमोर हंबरडा फोडला, त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही.

आई आणि मी पोलादपूरला मोटारीतून उतरलो आणि वाडीची चढण चढायला लागलो. ती खाली मान घालून माझ्यापुढे चालत होती. वाडीच्या शिवेवर देवाचं देऊळ आहे. सुतकात आत जायचा प्रश्नच नव्हता; ती लांबच थांबली. देवळाकडे पाहत तिने मला विचारलं,

"खरं सांग. त्या दुपारी तो देवच व्हता ना रे? का दुसरं काय व्हतं?"

म्हणजे चढणभर ती याचाच विचार करत होती. मी काय म्हणतो त्यावर तिचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं, हे मला कळत होतं. ताप होता म्हणालो असतो, तर लेक तापाने कापत असताना आपण त्या तापालाच हात जोडून बसलो, हे तिला कळलं असतं. डॉक्टरांनाही काही करता आलं नसतं, हे मी शंभरदा सांगितलं असतं आणि तिने एकदाही खरं मानलं नसतं.

"देवच होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मग खोटं बोलला," म्हणाली, आणि हात न जोडता पुढे चालायला लागली.

पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच सांगेन. पण आई उठल्यापासून निजेपर्यंत देवाशी बोलणारी बाई होती. चूल पेटली नाही तर त्याला दोन शब्द सुनवायची, गाईला वासरू झालं की आधी त्याला सांगायची, पोराबाळांची गाऱ्हाणी त्याच्याकडे न्यायची. त्या दिवसापासून ते बोलणं बंद झालं. नंतर ती बरीच वर्षं जगली. घरात आम्ही सगळे होतो, पण देवाशी जे बोलायची ते तिने आमच्यापैकी कुणाशीच बोलून दाखवलं नाही.