चाळीस गावांची फाईल

जलखात्याच्या मुख्य कचेरीत बाई एकोणीस वर्षं एकाच योजनेची फाईल सांभाळत होत्या. धरणातून चाळीस गावांना नळाने पाणी द्यायचं होतं, आणि त्यांत बाईंचं माहेरही होतं. कधी निधी दुसरीकडे वळवला जाई, कधी मंत्री बदलत. बाई नेटाने फाईल पुन्हा वर पाठवत.

"बाई, दगडावर डोकं आपटताय," शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणे.

यंदा सही झाली. बाईंनी लगेच भावाला फोन लावला. "दादा, झालं एकदाचं मंजूर!"

"अगं, पण पाणी देणार कुणाला?" दादा म्हणाला. "गावात सातच घरं उरलीत. आम्हीही पुढच्या आठवड्यात लेकाकडे चाललोय."

पैसे सोडण्याआधी लोकसंख्या पडताळायचा नियम होता. बाईंनी आकडे मागवले. एकतीस गावं जवळजवळ रिकामी निघाली. आकडे दडपणं त्यांना जमलं नाही. 'योजना रद्द करावी' अशी टिपणी त्यांनीच लिहिली, आणि दुपारच्या आत ती मान्य झाली.

त्यांनी दादाला कळवलं. तो "बरं" म्हणाला आणि सामान बांधायला दोरी आहे का, असं शेजाऱ्याला विचारू लागला. बाई फोन कानाला लावून ऐकत राहिल्या.