चार बाजूंची चौकट

बुलडाणा जिल्ह्यातल्या जितक्या दारांतून माझ्या बायकोचे मामा आत गेले असतील, त्याहून अधिक दारांतून आत जायला त्यांनी नकार दिला आहे. कारण प्रत्येक वेळी एकच असते: दार बुटके असते. मामांची उंची सहा फूट एक इंच, त्यावर पांढरी टोपी. दारात मान वाकवायची नाही हा नियम त्यांनी कधी केला, ते मामींनाही आठवत नाही. डोणगावात त्यांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे त्यांचे एक बालमित्र राहतात. त्यांच्या घराचे दार जुने आणि ठेंगणे. त्यामुळे गेली तीस वर्षे मामा अंगणात उभे राहतात, मित्र आत खाटेवर बसतात आणि सोयाबीनच्या भावापासून सोयरिकीपर्यंतच्या सगळ्या गोष्टी दारातून होतात. चहाही दारातूनच बाहेर येतो. "मदी ये ना बे," मित्र रोज म्हणतात. "आधी दार बदल," मामा रोज सांगतात.

मामा बांधकाम खात्यात मोजमापाच्या कामावर होते. निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली, पण उजव्या खिशातला टेप आणि डाव्या खिशातला ओळंबा निवृत्त झालेले नाहीत. दोरीला टांगलेले हे पितळी वजन लावून उभी भिंत सरळ आहे की कललेली, ते बघतात. मामा ते कुठेही बघतात. माझ्या मेहुणीसाठी उंद्रीला स्थळ पाहायला गेलो होतो. चहा येण्याआधीच मामा उठले, समोरच्या चौकटीला त्यांनी ओळंबा लावला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "तुमची चौकट अर्धा इंच कलली हाये." वडील गोंधळले. "मंग लग्नाचं काय म्हणता?" मामांनी दोरी गुंडाळत विचार केला. "लग्न होऊ शकते. पण पावसाळ्यात दार अडकन." लग्न झाले. दारही अडकते. मेहुणी दर श्रावणात तसे फोन करून कळवते आणि मामा त्या दिवशी एक पोळी जास्त खातात, असे मामी सांगतात.

मामांचे स्वतःचे घर विटांचे आहे. ते त्यांनी रोज समोर उभे राहून बांधून घेतले. न पटलेली वीट काढायला लावायची आणि तीच वीट उलटी करून पुन्हा लावायला लावायची, अशा पद्धतीने ते सव्वा वर्षात पुरे झाले. घराला पुढे ओसरी आहे आणि ती मामींची. सकाळी तिथे बसून त्या भाजी निवडायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या. गेल्या वर्षी त्या न्हाणीत पडल्या, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्या चाकांचा वॉकर धरून चालू लागल्या, पण घरातल्या घरात. पुढचे दार अरुंद होते, त्याचा उंबरा साडेतीन इंच उंच होता आणि पाय उचलून काही ओलांडायला डॉक्टरांनी मनाई केली होती. दवाखान्यात न्यायचे झाले तर दोघे जण त्यांना खुर्चीसकट उचलत. एरवी आठ महिने त्यांनी ओसरी पाहिली नाही. तक्रार केली नाही. फक्त सकाळी आतून विचारायच्या, "आत्ता कोण गेलं वो?"

एक दिवस मामांनी जाहीर केले की पुढच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली आहे, दार बदलावे लागेल. मी चौकट पाहिली. उधई एका कोपऱ्यात बोटभर होती. मामींचे नाव या प्रकरणात त्यांनी एकदाही घेतले नाही. मात्र वॉकरची रुंदी त्यांनी तीनदा मोजली आणि नवी चौकट जुनीपेक्षा सहा इंच रुंद सांगितली. मिस्तरी गावातलेच, मामांना ओळखून असलेले. त्यांनी सुचवले, "भाऊ, आजकाल लोक तीन बाजूचीच चौकट बसवतात. उंबराच नाई. गाडीबी सरकत मदी जाते." मामांनी त्यांच्याकडे असे पाहिले की मिस्तरींनी विडी विझवली. "चौकटीले चार बाजू असतात बे. बिनउंबऱ्याचं घर म्हंजे गोदाम. मले काय ज्वारी भरायची हाये?" शेवटी मामांनी उंबऱ्याची उंची एक इंचाने कमी केली. अडीच इंच. ही सवलत फार मोठी आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

शुक्रवारी सकाळचा मुहूर्त होता. जुनी चौकट निघाली, दोन्ही बाजूंच्या विटा फोडून जागा रुंद झाली, नवी सागवानी चौकट उभी राहिली. मामांनी अकरा वेळा ओळंबा लावला. "भाऊ, देवळाचा कळस नाई बसवून राह्यलो," मिस्तरी म्हणाले. "कळस कललेला कोणाले दिसते? चौकट दिसते," मामा म्हणाले. चौकटीचा वरचा तुकडा जमिनीपासून सहा फूट तीन इंचांवर आला. टोपीसह मामा खालून गेले, मान ताठ. मग सिमेंट भरले, वर पिवळ्या कापडात हळकुंड-सुपारी बांधली, नारळ फुटला. चौकटीला हळद-कुंकू लावायला मामी वॉकर ढकलत आल्या. बाजूच्या खांबांना त्यांनी स्वतः बोटे लावली. उंबऱ्यापर्यंत वाकता येईना, तेव्हा तिथले माझ्या बायकोने लावले.

"चला, आता बाहेर," मामा म्हणाले. खुर्ची त्यांनी ओसरीत आधीच मांडली होती. वॉकर रुंदीने बरोबर आत बसला, दोन्ही बाजूंना सारखे अंतर राखून, आणि त्याची पुढची चाके उंबऱ्याला लागून थांबली. मामींनी पुन्हा एकदा ढकलून पाहिले. "चांगलं झालं दार," मामी म्हणाल्या. "उजेड लय येते आता. मी इथूनच पाहत जाईन." आणि त्यांनी वॉकर वळवला.

मामांनी टेप काढून उंबरा मोजला. अडीच इंच. पुन्हा मोजला. मिस्तरी हात धूत होते.

"सिमेंट धरलं का?"

"नाई अजून. काऊन?"

"मंग काढ चौकट."

"काढ? भाऊ, पुजलेली चौकट हालवत नाईत. तुम्हीच साऱ्या गावाले सांगता."

"हाव, म्याच सांगतो. काढ."

"त्यापेक्षा उंबराच कापून टाकतो ना. दहा मिनिटांचं काम."

"उंबऱ्याले आरी लागणार नाई. पुरी चौकट खाली घे. अडीच इंच."

मिस्तरींनी चौकटीच्या वरच्या तुकड्याकडे पाहिले, मग मामांच्या टोपीकडे. "भाऊ, पण वरतून तुमचं..."

"तुले काढ म्हटलं ना बे."

दुपारभर जमीन फोडली. चौकट खाली गेली, उंबरा फरशीच्या बरोबरीत आला. वर राहिलेल्या फटीत विटांचे तुकडे बसले आणि दार फरशीला घासू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेवरून रंधा फिरला. ओळंबा मामांनी या वेळी एकदाच लावला. दुसरा नारळ फुटला, त्याचा मुहूर्त कोणी पाहिला नाही. संध्याकाळी वॉकरची चाके उंबऱ्यावरून गेली आणि मामी ओसरीतल्या खुर्चीवर बसल्या. पहिला प्रश्न त्यांनी समोरच्या मित्राच्या बायकोला केला. "काय वो बाई, आठ महिने भाजी कोणाले विचारून करत होत्या?"

गेल्या महिन्यात मी डोणगावला गेलो होतो. पहिल्या आठवड्यात मामांना चार वेळा कपाळाला हळद लावावी लागली, असे मामींनी सांगितले. समोरच्या मित्रांची वेगळी अडचण झाली आहे. मामा आता त्यांच्याकडे त्याच ठेंगण्या दारातून थेट आत जातात आणि घरातल्या एकुलत्या खाटेवर बसतात, त्यामुळे मित्रांना स्वतःच्याच घरात पोत्यावर बसावे लागते. "तीस वर्षं ये म्हणत होतो," ते मला म्हणाले, "आता निघ म्हणता येत नाई."

मामींच्या मांडीवर मेथीची जुडी होती. मामा आतून त्यांचा चहा घेऊन आले. मी विचारले, "मामा, दाराची उंची आता किती राहिली?"

टेप उजव्या खिशातून डोकावत होता. मामांनी कप मामींच्या हातात दिला.

"मोजली नाई," ते म्हणाले, आणि माझा चहा आणायला वळले. दारापाशी आले की टोपी काढून हातात घेतात हल्ली.