सोत्याभोवतीची भिंत

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं आता थोडीच उरली आहेत. म्हणून समोरच्या घरातला मित्र मला भावाच्या जागी होता. एकाच शाळेत गेलो, बालाजी घाटावर एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकलो. पुढे तो बँकेत लागला. मी संस्कृतचा शिक्षक झालो आणि वडिलांच्या मागे यजमानांकडची पूजाअर्चाही करू लागलो.

बँकेने त्याची बदली गंगेपलीकडे, दक्षिणेच्या डोंगराजवळच्या एका शाखेत केली. तिथल्या एका गावात फार गोड पाण्याचा झरा आहे, असं तो सारखं सांगायचा. एका रविवारी मला स्कूटरवर बसवून घेऊनच गेला.

डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या फटीतून पाणी येत होतं आणि खाली एका लहान कुंडात साठत होतं. गावकरी त्याला सोता म्हणत. उन्हाळ्यात हँडपंप कोरडे पडले तरी सोता वाहायचा आणि कुठल्याही टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, माणसाने येऊन घडा भरावा, अशी तिथली रीत होती. एक म्हातारी रोज सकाळी आपणहून कुंडाभोवती झाडून काढायची. मी काशीहून आलोय, पूजा सांगतो, हे कळल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लोटा भरून माझ्या हातात दिला. तेव्हापासून ती मला महाराज म्हणू लागली. मला ते गाव आवडलं. आम्ही पुष्कळदा जाऊ लागलो. येताना घरासाठी कॅन भरून आणायचो.

एकदा परतताना मित्र म्हणाला की कुंडात म्हशी उतरतात, लोक तिथेच कपडे धुतात, भोवती भिंत घातली पाहिजे. गावातले लोक मात्र तयार नव्हते. सोत्याला कुणी कधी कुंपण घातलेलं नाही, असं म्हातारी म्हणत होती. मित्राने मला गळ घातली की तू एक छोटी पूजा कर आणि चार शब्द बोल. मला ते मनापासून पटलं होतं. मी पूजा केली. पाणी राखणं हे पुण्य आहे, भिंत पाण्याच्या रक्षणासाठी आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. म्हातारीने मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात गावातली माणसं स्वतः दगड वाहून आणू लागली.

त्यानंतर माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली, मग गुडघ्याने त्रास दिला आणि माझं जाणं थांबलं. सगळं छान चाललंय, असं मित्र सांगायचा. पुढच्या उन्हाळ्यात बरं वाटल्यावर त्याला न सांगताच मी बसने गेलो.

भिंत माझ्या डोक्याहून उंच होती. कुंडाच्या कितीतरी पुढे जाऊन तिने बाजूचं शेतही आत घेतलं होतं. लोखंडी फाटकाला कुलूप. आत शहरातल्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि बाहेर पाटी होती, पवित्र झऱ्याकाठी निवास. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गावासाठी एक नळ काढलेला होता. बायका घडे घेऊन ओळीत बसल्या होत्या आणि नळाची धार करंगळीएवढीसुद्धा नव्हती. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की हे बँकवाल्या साहेबांचं आहे, शेत त्यांनी बायकोच्या नावावर घेतलंय.

म्हातारी त्या ओळीतच बसली होती. ती उठली नाही. म्हणाली, "आप कहलीं, त हमहन मान गइलीं."

तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही मानलं. तिच्या आवाजात रागही नव्हता. मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी मी मित्राच्या घरी गेलो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. तो शांतपणे म्हणाला की पाणी काही बंद केलेलं नाही, नळ दिलाय, दोन पोरांना कामही दिलंय.

"मग मला कशाला नेलंस?" मी विचारलं.

"अरे, तुझ्या शब्दाला वजन आहे," तो म्हणाला. "माझं कुणी ऐकलं असतं?"

माझं कौतुक करावं, तसं तो हे बोलला. म्हणजे त्याच्या लेखी मी दगड-विटांसारखाच एक सामानाचा भाग होतो. त्या पहिल्या रविवारीच त्याने हे ठरवलं होतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. उत्तराची भीती वाटली. चहा न घेता मी उठलो.

काही दिवसांनी पुन्हा गावात गेलो. लिंबाखाली लोकांना बसवून जे घडलं ते सांगितलं आणि कुठेही उभं राहून हेच सांगायला तयार आहे, असं म्हणालो. एकजण हसला. महाराज आता तरी खरं बोलताहेत कशावरून, असं त्याने विचारलं. तरी गावातले चौघे माझ्याबरोबर तहसीलला आले. बऱ्याच फेऱ्यांनंतर मोजणी झाली आणि कुंड गावाच्याच जमिनीत निघालं. फाटक काढावं लागलं. खोल्या मात्र त्याच्या शेतात आहेत, त्या चालूच आहेत. पाहुणे येतात, कुंडाशी फोटो काढतात. गावातल्या बायका तेवढा वेळ बाजूला थांबतात.

मी आता तिकडे जात नाही. लोक वाईट वागले असते तर कदाचित गेलो असतो. ते नुसते गप्प होतात.

यंदा गणपतीत आमच्या मंडळींची पंगत बसली. मित्र वाढत होता. वरणाचं भांडं घेऊन माझ्या पानासमोर वाकला आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "आणखी घे रे थोडं." मी पानावर हात आडवा धरला. तो पुढच्या पानाकडे गेला.