दोन गोल डाग

माझी बायको अनसूया पहिल्या एक्स-रेत मरायला टेकली आणि दुसऱ्या एक्स-रेत बरी झाली. मधे औषध काहीच दिलं नाही.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. मी उंच लोखंडावर चढून रिबिट ठोकायचो आणि आम्ही खुर्सीपारला टिनाच्या खोलीत राहायचो. आधी मला सर्दी झाली, मग पोरीला, मग अनसूयेला. आम्ही दोघं उठलो. तिचा खोकला मात्र असा, की छपराची टिनं वाजायची! पेनिसिलिनच्या सुया टोचून झाल्या, ताप हलेना.

डाक्टर बंगाली, तरुण. नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, थुंकी तपासायला मागितली. अनसूया परक्या माणसांसमोर थुंकेना!

"तुमीच थुका न माझ्याकडून," मले म्हणते.

(मी तंबाखूवाला. माझी थुंकी पाहून डाक्टरनं नोकरी सोडली असती!) शेवटी मी धोतराचा आडोसा धरून उभा राहिलो, तेव्हा कुठं काम झालं.

थुंकीत टीबीचे जंतू नाहीत. पण एक्स-रेत दोन गोल डाग! शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे.

"टीबी लगता है," डाक्टर म्हणाले. "सैनिटोरियम भेजना पड़ेगा. बच्ची साथ नहीं जाएगी."

पोर तर आईच्या कुशीशिवाय झोपत नव्हती. अनसूया रडायला लागली. माझं डोकं फिरलं.

"थुंकी में नहीं है, तो छाती में कहाँ से आया, साहब?"

"वही तो मैं भी सोच रहा हूँ!" तेही भडकले. पुन्हा एक्स-रे उजेडाला धरला, मग अनसूयेकडे पाहिलं. "बहनजी, गले में कुछ था क्या?"

अनसूया जमिनीकडे पाहू लागली.

"अवं, डोरलं काढलं होतं न?" मी विचारलं.

"काढत होती... मंग पाठीवर टाकलं. पोलक्यात."

"कावून?"

"तुमी तिकडं उंचावर लटकून रायता, अन् मी इकडं डोरलं काढू? पडसान न!"

डोरल्याच्या दोन वाट्या! पोरीला आईपासून तोडायला निघाल्या होत्या!

दुसऱ्या एक्स-रेलाही बाई डोरलं काढेना. खुंटीवर नको, टेबलावर नको.

"तुमच्या गळ्यात घाला. ज्याच्या नावाचं, त्याच्यापाशी रायलं तर चालते."

घातलं! काय करता? आत एक्स-रेवाला ओरडला, "साँस रोको!" आणि बाहेर माझा फोरमन बोटाला पट्टी बांधायला आला. मला पाहून त्याचाच श्वास थांबला.

"क्यों रे, शादी कब हुई तेरी?"

तेव्हापासून अख्खी साइट मला 'भाभी' म्हणायची.

या वेळी डाग गायब. दोन्ही बाजूंना नुसतं फिकट धुकं. "सारे घर को सर्दी, थूक साफ, पेनिसिलिन का असर नहीं. वायरस का निमोनिया है," डाक्टर म्हणाले. "आराम करो, पानी पियो, और राह देखो." राह पाहिली. बरी झाली.

पुष्कळ जगली. यंदा उन्हाळ्यात गेली. घर असं गप्प, की कोणी खोकललं तरी बरं वाटावं.

मग मीच खोकलू लागलो. तेव्हाची ती पोर, आता स्वतः आजी झालेली, मला दवाखान्यात घेऊन गेली.

"बाबा, गले का निकालो," एक्स-रेवाला म्हणाला.

"हो," म्हटलं.

थोड्या वेळानं डाक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. "इनकी छाती में दो गोल दाग दिख रहे हैं."

लेक माझ्याकडे पाहून राहिली, अन् मी जमिनीकडे.