खाटेवरचे टोमॅटो

राजुरीतल्या आमच्या शेजाऱ्यांना माणसांपेक्षा टोमॅटोची काळजी जास्त, असं त्यांची बायकोच म्हणते. हंगाम संपून टोमॅटोचा प्लॉट मोडला की झाडांवर उरलेली हिरवी फळं ते घरात आणतात, खाटेवर पसरतात, वर स्वतःची गोधडी घालतात आणि आपण खाली कुडकुडत झोपतात.

परवा त्यांच्या पोरीला बघायला कळंबचे पाहुणे आले. मुलाचा बाप खाटेवर टेकणार, तोच हे ओरडले, "खाली बसा पावणं! माल पिकतोय."

बायकोनं कपाळाला हात लावला. मुलाच्या बापानं गोधडी उचलून एक टोमॅटो दाबला.

"यात पिकलं केळं न्हाई ठिवलं? आमी ठिवतो. लई लवकर लाल व्हतात."

पोरगी पोहे घेऊन बाहेर आली, तोवर दोघे बाप एकमेकांना पसंत पडले होते.