समुद्र आटायची वाट बघताना

माझ्या बहिणीचं लग्न समुद्रात बुडता बुडता वाचलं. आमच्या गावात त्या साली चिमणी बुडंल एवढंही पाणी नव्हतं, म्हणून ते बुडवायला मी एस.टी.नं थेट कोकणात घेऊन गेलो होतो.

त्याचं असं झालं. माझी धाकटी बहीण शकुंतला, म्हणजे आमची शकू, लग्नाची झाली होती आणि तिची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही माझ्यामुळं. पहिल्या पाव्हण्यांना म्हैस कशी ओळखावी हे मी जेवण होईस्तोवर समजावून सांगितलं. (मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव, त्यामुळं म्हैस हा माझा हक्काचा विषय.) ते स्वतः म्हशींचे व्यापारी होते, हे मला ते निघून गेल्यावर कळलं. दुसऱ्या पाव्हण्यांना मी त्यांच्याच गावाला जायचा जवळचा रस्ता सांगितला. ते रात्रभर माळावर भटकले आणि सकाळी घरी पोचून त्यांनी नकार कळवला.

तिसरं स्थळ आलं ते सुभाषचं. उमरग्याच्या हायस्कुलात मास्तर, एकुलता एक, बोलायला कमी. शकूला तो मनापासून आवडला होता. बघायच्या कार्यक्रमात त्यानं तिला एवढंच विचारलं होतं की पोहे तुम्ही केले का, आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी रोज पोहे होते. पण आमच्या आबांचं म्हणणं असं की, माणूस बैठकीत कळत नाही. त्याला परमुलखात न्यावं, भुईवर झोपवावं, उपाशी ठेवावं, मग तो कळतो. आबांनी मला बोलावून हुकूम सोडला, "पोरगं चार दिवस संगं ने. दारू पितंय का, राग येतोय का, ताटात टाकतंय का, समदं बघून ये."

पाव्हण्याला अर्थातच परीक्षेचं सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत सहलीला चला म्हटलं. कुठं जायचं विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "समुद्र बघितला न्हाय म्या कधी." समुद्र मीही बघितला नव्हता, पण तसं सांगायची मला सवय नव्हती. सोबतीला माझा दोस्त मारुती घेतला. सास्तूरला त्याचं भज्यांचं हॉटेल होतं, त्यामुळं स्वयंपाकाची फिकीर मिटली.

निघताना शकूनं मला दाराआड गाठलं. तिचे डोळे भरून आले होते.

"दादा, माझं एवढं ऐक. तिकडं गप राहा."

मला भडभडून आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. (त्या सगळ्या सहलीत मी गप राहिलो तो एवढा मान हलवण्यापुरता.)

आमचं सामान बघून स्टँडवर माणसं जमायची. पेंड झाकायची सोसायटीची ताडपत्री, तीच आमचा तंबू. धपाट्यांचं गाठोडं, येसराचा, म्हणजे रश्श्यासाठी भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाचा डबा, भलं मोठं पातेलं. आणि दुधाचा एक मोठा कॅन, आमच्या विहिरीच्या तळातून उपसलेल्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. समुद्राचं पाणी खारट असतं एवढं मारुतीनं ऐकलं होतं, आणि कोकणातली माणसं तेच पीत असणार असा त्याचा हिशेब होता. सोलापूरला कंडक्टरनं विचारलं की कॅनमध्ये काय आहे. पाणी, म्हटलं. कुठं नेताय? समुद्राला नेतोय, म्हटलं. त्यानं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि लगेजचं तिकीट न फाडताच तो पुढं गेला.

सकाळी सकाळी आम्ही समुद्रावर पोचलो. मी आयुष्यात एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं. मारुतीनं तर पाण्याला हात जोडले. सुभाष काठावर नुसता उभा राहिला आणि बघतच राहिला. मला वाटलं, बिचारा बिचकला. म्हणून शकूला दिलेला शब्द थोडा बाजूला ठेवून मी त्याला धीर द्यायला सुरुवात केली.

मासे कसे धरायचे हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडं पाझर तलाव आहेत. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याच माणसांनी पाट्या उचलून बांधलेले. दिवाळीनंतर त्यांचं पाणी उतरायला लागतं, आटत आटत मधल्या डबक्यात येतं, आणि मग त्या चिखलात धोतर खोचून उतरायचं आणि मासे शेंगांसारखे वेचून पाटीत टाकायचे. गळ नको, जाळं नको. फक्त काठावर बसून पाणी संपायची वाट बघायची. आमच्या भागात या कामात पटाईत नाही असा माणूस नाही.

आणि समुद्र तर आमच्या डोळ्यांदेखत मागं सरकत होता! आम्ही आलो तेव्हा जिथं पाणी होतं तिथं तासाभरात ओली वाळू उघडी पडली. मी मारुतीला म्हटलं, बघ, इथंबी तेच. पाऊस कमी झालेला दिसतोय. मारुती हळहळला. इतकं मोठं तळं, पण आटायला लागलं म्हणाला. मग मी अंदाज बांधला. या चालीनं सांजेपर्यंत बराचसा तळ उघडा पडंल, आणि मासे मधोमध गोळा होतील. तेव्हा सामान वर झाडीत ठेवून दर वेळी खाली ये-जा करण्यापेक्षा, तंबू खालीच, पाण्याच्या जवळ ठोकलेला बरा.

सुभाष पहिल्यांदाच बोलला. "दादा, वर त्या सुरूच्या झाडात सावली हाय."

"पाव्हणं, सावलीत मासे धरतेत का? पाण्याचं तुमी माझ्यावर सोडा."

तो बरं म्हणाला आणि ताडपत्री उचलायला लागला. मी मनात नोंद केली: मुलगा आज्ञाधारक, पण डोकं बेताचं.

समोर वाळूचा एक छान उंचवटा होता. त्याच्या मागं, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला, लांबलचक सखल खळगा होता, कोरडा ठणठणीत. तो ओलांडून आम्ही उंचवट्यावर तंबू ठोकला. तेवढ्यात खांद्यावर जाळं टाकलेला एक म्हातारा तिकडून चालला होता, तो थांबला. त्याची बोली आम्हाला निम्मीच कळत होती, पण म्हणणं स्पष्ट होतं: दुपारी इथं पाणी येईल, तंबू काढा.

यावर मला जे हसू आलं ते आवरेना. मारुतीही हसला. माणसं हो, आम्ही कुठले! पाणी येणार हे वाक्य आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. निवडणुकीला आलेला प्रत्येक पुढारी सांगून गेला की पाणी येणार. टँकरवाला सांगायचा, दुपारी येणार. माकणीला धरण होणार आणि पाणी येणार, हे ऐकत ऐकत आबांचे केस पिकले होते. पाणी येणार म्हणणाऱ्याला गूळ-पाणी द्यायचं, त्यातलंही पाणी बेतानंच, आणि आपल्या कामाला लागायचं, ही आमच्या भागाची रीत. मी म्हाताऱ्याला आमच्या कॅनमधलं पेलाभर पाणी पाजलं आणि सांगितलं, येऊ द्या बाबा, आलं की बघू. तो आमच्याकडं बघत बघत निघून गेला.

सुभाष माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायचं त्याच्या ओठावर आलं होतं. मग तो म्हणाला, "तुमी म्हणाल तसं, दादा."

मारुतीचा स्वभाव उतावळा. मासे मिळणार हे ठरल्यावर त्यानं मासे मिळायच्या आधीच येसराचा रस्सा उकळायला टाकला. आम्ही काठावर बसून राहिलो. समुद्र पुष्कळ मागं गेला आणि मग मात्र तिथंच अडून बसला. रस्सा आटून घट्ट व्हायला लागला, समुद्र काही आटेना. शेवटी बिनमाशांचा रस्सा धपाट्यांबरोबर ओरपला. पाव्हण्यानं ताटात काही टाकलं नाही, हेही मी टिपून ठेवलं. मग ताडपत्रीखाली आडवा होऊन मी त्याला तलावातल्या माशांचे स्वभाव सांगत सांगत झोपी गेलो. शकूचा शब्द माझ्या लक्षात होता, पण माणसाला नुसतं गप बसून कसं पारखणार?

जाग आली ती पाठीला गार लागलं म्हणून. मला वाटलं मारुतीनं कॅन सांडला. मी डोळे मिटूनच त्याला शिव्या दिल्या, की अरं, गावाकडनं आणलेलं पाणी, कसं वापरावं कळत न्हाय का तुला. डोळे उघडले तर पातेलं माझ्या कानाजवळून तरंगत चाललं होतं. माझी एक चप्पल त्याच्या मागोमाग निघाली होती. मी ताडकन उठलो आणि मागं बघितलं. तो कोरडा ठणठणीत खळगा भरून वाहत होता. किनारा पलीकडं, आम्ही अलीकडं, आणि उंचवटा आता सतरंजीएवढा उरला होता.

मारुती गुडघाभर पाण्यात उभा राहून मला ओरडून सांगत होता, "नामदेवा, मासे आले रं! पायाला लागायलेत!" मासे खरंच आले होते. पण आता त्यांनी आम्हाला धरायची वेळ होती.

पोहायला आम्हाला कुणालाच येत नव्हतं. आमच्याकडं पोहणं शिकायचं तर आधी विहीर भरावी लागते. मी अर्धा रिकामा झालेला कॅन ओतून टाकला, झाकण घट्ट लावलं आणि त्याला मिठी मारली. कॅन तरंगत होता. गावाहून वाहून आणलेलं चांगलं पाणी समुद्रात ओतताना, खोटं सांगत नाही, जीव तुटला.

सुभाष मात्र शांत होता. त्यानं ताडपत्रीची घडी घालून ती डोक्यावर घेतली होती. घड्याळाकडं बघून तो म्हणाला, "दादा, घाबरू नका. पण अजून तासभर चढंल पाणी. इथं थांबून चालायचं न्हाय."

"तुमाला काय ठावं?"

तो खाली बघायला लागला. "आठवीला शिकवतो म्या. भरती-ओहोटी. भूगोल हाय माझ्याकडं."

मी कॅनला धरून त्याच्याकडं बघतच राहिलो. त्याचं शेत विचारलं होतं, विहीर विचारली होती, आजोळ विचारलं होतं. हा कोणता विषय शिकवतो हे आमच्या घरात एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मग सकाळी तोंड का शिवलं व्हतं?" मी ओरडलो.

"तुमी मुलीचे थोरले भाऊ. सोयरीक ठरायच्या आधीच शब्द कसा मोडू?" आणि मग जरा लाजून म्हणाला, "अन् खरं सांगू का, दरसाल फळ्यावर काढतो. खरी येते कशी, ते मलाबी बघायचं व्हतं."

तेवढ्यात तोच म्हातारा होडी घेऊन आला. आम्हाला एकेक करून आत घेतलं, माझ्या कॅनलाही घेतलं. कॅनकडं एकदा बघितलं आणि वल्हं मारायला लागला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. किनाऱ्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याच्या घरातल्यांनी आम्हाला माशांचं कालवण आणि भात वाढला आणि विहिरीचं गोड पाणी दिलं. मारुती तीन तांबे प्यायला आणि सारखा म्हणत राहिला, गोड हाय की रं, गोड हाय.

परतीच्या एस.टी.त मी खरंच गप होतो. आधी राग होता. नुसत्या मानपानापायी जो माणूस सोबत्यांना बुडू देतो, त्याला बहीण द्यायची? सोलापूर जवळ आल्यावर राग ओसरला आणि भीती वाटायला लागली. हा घरी जाऊन सांगणार, मुलीच्या भावाला समुद्र आटतो असं वाटतं. तिसरं स्थळ गेलं. दाराआडचे शकूचे डोळे मला दिसायला लागले. सुभाष शेजारी बसून उरलेलं धपाटं निम्मं करून मला देत होता. ते मी तसंच हातात धरून बसलो.

घरी आबांनी विचारलं, पोरगं कसं काय? मी सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याचं, तंबूचं, कॅनचं. आबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "समदं ठावं असून बोलला न्हाय? असला माणूस काय कामाचा?"

शकू चुलीपाशी होती. ती हातातलं उलथणं घेऊनच बाहेर आली.

"दादा, त्येंना समदं ठावं व्हतं?"

"व्हय."

"अन् तरी गप बसले?"

"व्हय की."

"बुडल्यावरबी तुला, बघा तुमचं चुकलं, असं म्हणले न्हाईत?"

मी आठवून बघितलं. खरंच म्हणाला नव्हता.

शकू आबांकडं वळली. "आबा, तिथी काढा. असा माणूस पुन्हा घावायचा न्हाय."

दोनच दिवसांत तिकडनंही होकार आला. सुभाषनं घरी काय सांगितलं हे मी पुढं त्याला विचारलं तर म्हणाला, सांगितलं की भाऊ घरातलं सगळं बोलून संपवतो, मुलगी शांत असणार. (त्याचा अंदाज साफ चुकला, पण तेव्हाही तो काही बोलला नाही.)

लग्न थाटात झालं, आणि तेव्हापासून आमच्या भावकीत नवी चाल पडली. मुलीचं स्थळ आलं की नवरदेवाला चार दिवस माझ्यासंगं कुठंतरी पाठवायचं. माझ्या पारखीचा असा बोलबाला झालेला बघून मला लई समाधान वाटायचं. मी गाणगापूरला गेलो, नळदुर्गाला गेलो, हैदराबादेलाही जाऊन आलो. परत आल्यावर सविस्तर सांगायला बसायचो, पण ऐकायला कुणी थांबायचं नाही. भावकीतले आपले थेट नवरदेवाकडं जायचे आणि विचारायचे, अजून व्हय का न्हाय?

मग एका उन्हाळ्यात एक पोरगा सोलापूरच्या स्टँडवरनंच, लघवीला जाऊन येतो म्हणून, पळून गेला. मी मान खाली घालून एकटाच घरी आलो. तर चुलतीनं माझ्या हातावर साखर ठेवली. म्हणाली, "बरं झालं बाबा, पहिल्याच मुक्कामाला कळलं. आमच्या जावयाला जन्मभर तुझं बोलणं सोसायचंय."